मावळातली नावं

२१ जून २०२४, तळेगाव दाभाडे

आज वटपौर्णिमा. गल्लीच्या टोकाला जुना वड आहे, तिथे सकाळपासून बायकांची ये-जा. शेजारच्या काकूंना गुडघ्यांमुळे तिथवर जाववत नाही. त्यांनी बाजारातून वटसावित्रीचा कागद आणला, देवघराशेजारी भिंतीला चिकटवला आणि त्यालाच हळदकुंकू वाहिलं. छापलेला वड, छापलेली सावित्री, तिच्या मांडीवर सत्यवान, समोर रेड्यावर यम. मी प्रसादाचा आंबा घेतला आणि सवयीने कागदाचा खालचा कोपरा पाहिला. छापखान्याचं नाव होतं, चित्रकाराचं नव्हतं.

दुपारी विभागातून फोन आला. ऑगस्टच्या शेवटी एम.ए.च्या मुलांसाठी चार दिवसांचं शिबिर घ्यायचं आहे, विषय माझा नेहमीचाच: माध्यमं, लोकप्रिय संस्कृती आणि समाज. फोनवरची मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली, आता तिथे शिकवते. म्हणाली, "मॅडम, मुलांना मुंबईला फिल्मसिटीत नेऊ या का?" मी म्हटलं, नको, मावळात आण. तिला वाटलं मी प्रवास टाळते आहे. तसं नाही. या देशातल्या घराघरांत ज्या देवादिकांची चित्रं लागली, त्यातली कितीतरी माझ्या घरापासून लोकलने काही स्टेशनं पलीकडे छापली गेली. आणि त्याच भिंतींखाली जातं ओढणाऱ्या बायकांनी जे गायलं, ते नोंदवण्याचं मोठं काम याच डोंगरांत सुरू झालं. माध्यमांचा अभ्यास शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

२४ जून, मळवली

सकाळच्या लोकलने मळवलीला उतरले. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले, मधे रूळ. पाऊस नुकता लागलेला, खाचरांत भाताची रोपं तरारलेली. लोहगडाकडे निघालेली पोरं स्टेशनाबाहेर चहा पीत होती.

चित्रकार रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला. जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले होते. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. दोन वर्षांत मुंबईत प्लेग आला. शतक संपता संपता छापखाना इथे हलला. मोकळी जागा, मुबलक पाणी आणि दाराशी रेल्वे. पुढे कर्ज वाढलं आणि रविवर्म्याने तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकला. श्लायशरने धंदा धंद्यासारखा केला: देवांच्या तसबिरी, साबणाच्या आणि औषधांच्या कंपन्यांची कॅलेंडरं, लेबलं. १९७२ च्या आगीत कारखाना गेला.

शिबिरात मला मुलांना हे सांगायचं आहेच, पण त्याआधी दगड सांगायचा आहे. शिळाछापाचा दगड हा बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडक. त्यावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं. मग दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी राहतं, खडूच्या जागी शाई बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी, कमळाचा फिका, हत्तीचा करडा, कातडीसाठी दोन-तीन छटा, असं करत एका चित्राला डझनभर दगड सहज लागत. कागद दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर देवीच्या ओठाचा लाल हनुवटीवर उतरतो. शेवटी वार्निश, आणि कॅनव्हासाचा पोत यावा म्हणून दाब. छपाई संपली की तोच दगड वाळू आणि पाण्याने घासून पुन्हा कोरा करायचा. मणामणाचे दगड उचलणं, घासणं, ओले राखणं, हे काम माणसांनीच केलं.

इतिहासात नावं येतात ती रविवर्म्याची, त्याच्या भावाची, राजवर्म्याची, आणि श्लायशरची. राजवर्म्याची तर इंग्रजी रोजनिशीही छापली आहे. न्यूमायर आणि शेलबर्गर या दोघा अभ्यासकांनी ती संपादित केली. क्रिस्टोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने २००४ मध्ये छापील देवांवर जे पुस्तक लिहिलं, ते मी वर्षानुवर्षं शिकवलं. या चित्रांकडे आधी कलासमीक्षक नाक मुरडत. पिनीने दाखवलं की देशाचं राजकारण याच कागदांवर घडत होतं. फार मोलाचं काम. पण मळवलीच्या फलाटावर उभं राहिलं की मन दगड घासणाऱ्याकडे जातं. तो जवळपासच्याच एखाद्या गावाहून येत असणार. दिवसभर त्याच्या हाताखाली सरस्वतीचं तोंड पुसलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच दत्त उमटायचे. त्याच्या घरच्या भिंतीवर त्याने कोणतं चित्र लावलं असेल?

चहावाल्या दादांना विचारलं, इथे छापखाना होता ठाऊक आहे का. म्हणाले, "ऐकून आहे. देवाचे फोटू व्हायचे ना?" फोटू. हेही लिहून ठेवते, कारण गावोगाव लोक या चित्रांना फोटोच म्हणतात, जणू देव समोर बसला होता.

२७ जून

फाळके. त्र्यंबकेश्वरचे, जे.जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला फोटोग्राफी केलेले, पुरातत्त्व खात्यात राहिलेले. सिनेमाच्या आधी त्यांनी रविवर्मा छापखान्याचं काम केलं आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. तोच पुढे दादरला गेला. तीन रंगांची छपाई शिकायला १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. जया दडकरांनी फाळक्यांवर जो ग्रंथ लिहिला आहे, त्यातला छापखान्याचा भाग मुलांना आधी वाचायला द्यायचा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, ही तारीख सगळ्यांना पाठ असते. त्याच्या मागे लोणावळ्यातली शाई आहे, हे कोणी सांगत नाही. येशूचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण आले, हे त्यांनी १९१७ च्या 'नवयुग'मधल्या लेखांत सांगितलं आहे. ते कोणत्या रूपात आले असतील, हे मळवलीच्या चित्रांकडे पाहिलं की कळतं.

आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, शिवाय सगळ्या मंडळींचं जेवण. त्यांचं नाव आता लोक घेऊ लागले आहेत, ते बरं झालं.

२९ जून, कार्ले

आज दामोदर धर्मानंद कोसंबींची पुण्यतिथी. १९६६ मध्ये गेले. टाटा संशोधन संस्थेत असताना ते डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करत आणि सुट्टीत काठी घेऊन हे डोंगर पालथे घालत. गणितज्ञ माणूस, पण घाटवाटा, लेणी आणि गावदेव्या एकत्र ठेवून पाहायला त्यांनी शिकवलं. एकवीरेला येणारे मुंबईकडचे कोळी त्यांना कुतूहलाचे वाटले, कारण त्या पायवाटेत त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग दिसत होता. त्यांची मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ. मराठी रंगभूमी आणि सुरुवातीचा सिनेमा यांतल्या बायका हा त्यांच्या शेवटच्या मोठ्या पुस्तकाचा विषय. ते २०१५ मध्ये आलं, त्याच वर्षी त्या गेल्या. वडील डोंगरात, मुलगी नाटकगृहात. मला हे दोन्ही एकाच कुळातलं काम वाटतं.

पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंनी एकवीरेची कोळीगीतं. प्रत्येक दुकानाचं वेगळं गाणं, सगळ्यांची लय एकच. नारळ, खण, बांगड्या आणि देवीचे चकचकीत फोटो. पालखीच्या मोसमात याच गाण्यांवर ठाण्या-रायगडाकडून आलेली पोरं रात्रभर नाचतात. संगीत उद्योगाच्या अहवालात हे आगरी-कोळी गाण्यांचं विश्व शोधून सापडत नाही. गाडीत, वरातीत, गणपतीत मात्र तेच.

चैत्यगृहात शांत होतं. इथले ब्राह्मी लेख हे मी आयुष्यात वाचलेले सगळ्यात प्रामाणिक श्रेयनामे आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने हे घर पुरं केलं. गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणकाने सिंहस्तंभ दिला. धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दिले, तिथल्याच सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दार दिलं. महादेवणकाची आई भायिला, तिचंही दान, तिचंही नाव. आणि एक सुतार: वेणुवासाचा मुलगा सामि, धेनुकाकटाचा. दाराचं काम त्याने केलं, असं दगडावरच लिहिलं आहे. सगळ्याच कारागिरांना ते भाग्य लाभलं नाही, पण सामिला लाभलं. दोन हजार वर्षं झाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता येतं की हे दार सामिने केलं. इथून दिसणाऱ्या मळवलीत, शंभर वर्षांपूर्वी, लाखो घरांत पोचलेली लक्ष्मी कोणी छापली हे सांगता येत नाही.

परतताना कामशेतपर्यंत टमटम मिळाली. ज्ञानोबांची पालखी आज आळंदीहून निघाली. गाडीतल्या रेडिओवर तेच चाललं होतं. अभंगाच्या शेवटच्या ओळीत कवी आपलं नाव गुंफतो. जनीचं नाव त्यामुळेच उरलं, नाहीतर नामदेवांच्या घरची दासी कोणाच्या लक्षात राहिली असती?

१ जुलै

काल भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं. पाच जण. पाण्याच्या मध्ये एकमेकांना धरून उभे आहेत, असा व्हिडिओ रात्रीपासून माझ्या फोनवर चार गटांतून आला. पाहिला नाही असं म्हणता येणार नाही, न मागता तो सुरू होतो.

दिवसभर काही सुचलं नाही. काकू आल्या, त्यांनीही तोच विषय काढला आणि डोळे पुसले. ज्याने चित्रण केलं त्याच्यावर राग काढणं सोपं आहे. काठावरून दोर नसताना तो काय करू शकणार होता, मला ठाऊक नाही. पण आज जे पुढे पाठवलं जातं आहे, ते त्या माणसांच्या घरच्यांनीही पाहिलं असणार. शिबिरात हा व्हिडिओ दाखवायचा नाही. त्याच्याविषयी बोलायचं, पण दाखवायचा नाही.

६ जुलै, पवन मावळ

आजचा दिवस मोठा गेला, सविस्तर लिहिते.

इथल्या ओव्या नोंदवण्याचं काम सुरू करणारे गी प्वातव्हँ मूळचे फ्रान्सचे. सत्तरच्या दशकात पुण्यात आले, इथलेच झाले, मराठी इतकी शिकले की दया पवारांचं 'बलुतं' त्यांनी फ्रेंचमध्ये नेलं. हेमा राईरकर पुण्याच्या. दोघांनी मिळून मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम केलं. बैठकांना येणाऱ्या बायका भाषणापेक्षा ओव्यांत जास्त बोलतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. जात्यावर पहाटे दळताना गायलेल्या ओव्या. मग त्या गोळा करणं सुरू झालं आणि ते काम महाराष्ट्रभर पसरलं: हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका, एक लाखाहून जास्त ओव्या. बर्नार बेल या संगीत आणि संगणक या दोन्हींतल्या जाणकाराने ध्वनिमुद्रणं केली. प्वातव्हँ २००४ मध्ये गेले. हेमाताईही गेल्या. २०१७ पासून 'पारी'ने, म्हणजे पी. साईनाथांनी सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने, त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे ठेवल्या.

आमच्या विद्याशाखेत हे काम कुठे ठेवायचं ते कोणाला कळत नसे. लोकसाहित्यवाले म्हणत, तुमचं आहे. माध्यमवाले म्हणत, यात माध्यम कुठे आहे? जातं हेच माध्यम. त्याची घरघर म्हणजे ठेका. दोघी समोरासमोर बसलेल्या, पहाटेची वेळ, घरातले पुरुष झोपलेले, सासूला ऐकू येईल न येईल असा आवाज. नवऱ्याविषयी, भावाविषयी, सीतेच्या वनवासाविषयी, बाबासाहेबांविषयी तिथे जे बोललं गेलं, ते दुसऱ्या कुठल्या वेळी बोलता आलं नसतं. गावात पिठाची गिरणी आली आणि हात सुटले, त्याचा आनंदच आहे. त्या कष्टाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पायली दळून बघावं. पण तो तासभराचा एकांतही गिरणीने नेला.

मला या संग्रहातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्याची मांडणी. प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचं नाव, गाव, तालुका. 'पारंपरिक' असं लिहून मोकळं होणं त्यांनी नाकारलं. ओवी तिच्या आजीकडून आली असेल, शेजारणीकडून आली असेल. त्या दिवशी ती हिच्या गळ्यातून आली, म्हणून हिचं नाव. शिवाय संघटनेतल्या बायका आणि कार्यकर्ते स्वतःच गोळा करायला, अर्थ लावायला बसत. अभ्यासाचा विषय असलेली माणसं अभ्यासक झाली. बर्मिंगहॅमला १९६४ मध्ये निघालेल्या सांस्कृतिक अभ्यासाच्या केंद्राचं नाव आमच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या पानावर असतं, आणि असावंही. त्याच परंपरेतला अभ्यासक रेमंड विल्यम्स तर वेल्समधल्या रेल्वे सिग्नलमनचा मुलगा. माणसांना 'गर्दी' म्हणून पाहण्यालाच त्याचा विरोध होता. पण तो विरोध कामाच्या पद्धतीत कसा उतरवायचा, हे शिकायचं तर मुळशी-मावळात यावं.

आज ज्या घरी गेले तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. जातं पडवीत उपडं ठेवलेलं, त्यावर नातवाची शाळेची पिशवी. भिंतीवर विठ्ठल-रखुमाई, बाजूला ऑइलच्या दुकानाचं कॅलेंडर. आजी आधी म्हणाल्या, "आता कुठं आठवतंय बाई." मग सुनेने चहा ठेवला तशी त्यांनी तळहात जमिनीवर गोल फिरवायला सुरुवात केली, आणि हात फिरला तसा आवाज आला. एकामागून एक. मी थांबवलं नाही. संपल्यावर मी वही काढली, तर म्हणाल्या, "माझं नाव बी लिव्हा. आन् माह्येरचं लिव्हा, हितलं नगं. गाणी तिकडची हायेत."

मी दोन्ही गावं विचारली आणि माहेरचं नाव लिहिलं. इथे ते देत नाही. वहीत आहे, संग्रहात जाईल, त्यांनी सांगितलं तसंच.

१३ जुलै

शर्मिला रेगेंना जाऊन अकरा वर्षं झाली. पुणे विद्यापीठातल्या स्त्री-अभ्यास केंद्रात त्यांनी लावणीवर काम केलं. लावणीचा शृंगार पडद्यावर आला, पैसा झाला, आणि फडातल्या बाईच्या जातीचं, कष्टाचं बोलणं गळून पडलं, हे त्यांनी दाखवलं. पुढे आंबेडकरी गायन पार्ट्या, चैत्यभूमीवरच्या पुस्तिका आणि कॅसेटी यांकडे त्यांनी ज्ञानाची साधनं म्हणून पाहिलं. त्याआधी विद्वान मंडळी तिथे भाबडी भक्ती बघत. रेगेंनी पुस्तिका विकत घेतल्या, वाचल्या, गाणाऱ्यांना विचारलं. शिबिराच्या वाचनात त्यांचा एक लेख ठेवते, मराठीतून.

माझा स्वतःचा प्रबंध आकाशवाणीच्या श्रोत्यांवर होता. 'आपली आवड' लागलं की गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जायची, गावासकट. मी या तालुक्यातल्या पत्र पाठवणाऱ्यांना भेटत फिरले होते. वडगावचे एक गृहस्थ, गिरणीत पाळी करणारे, मला म्हणाले होते की गाणं कोणतं लागलं ते विसरलो, पण नाव वाचलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली होती. माझ्या सगळ्या कामाची सुरुवात त्या वाक्यात आहे. पुढे केबल आली, वाहिन्या आल्या, आम्ही 'प्रेक्षकवर्ग' मोजायला लागलो. मोजणीत आकडे नेमके आणि माणसं धूसर असतात, हे मी वर्गात पुन्हापुन्हा सांगत राहिले.

१८ जुलै, लोणावळा

'बिग बॉस'चं घर. हिंदीचे कितीतरी हंगाम इथेच झाले, २०१८ मध्ये मराठीचा पहिलाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेला खेळ, लोणावळ्याच्या धुक्यात येऊन मराठी भांडायला लागला. आत कॅमेरे शंभराच्या घरात असत असं सांगतात. घरातल्या माणसांचं प्रत्येक जांभई देणं लोकांना ठाऊक; घर उभारणाऱ्यांचं मात्र नाव दिसेल न दिसेल अशा वेगाने पळतं.

चिक्कीच्या दुकानात एका सुताराशी गाठ पडली. सेटवर काम केलेला. नाव देणार नाही असं आधीच म्हणाला, कारण पुढचं काम जाईल. प्लायवूडचं घर, तीन महिन्यांत उभं, मग मोडायचं, पुढल्या वर्षी नव्या रूपात पुन्हा. पगार वेळेवर मिळे, जेवणही चांगलं, असंही सांगितलं. मी विचारलं, टीव्हीवर बघता का? म्हणाला, "बघतो की. भांडणं नाय बघत, दारं बघतो. कुठलं दार आपण बसवलं ते."

कार्ल्याचा सामि डोळ्यांपुढे आला.

२५ जुलै

रात्रभर कोसळतो आहे. पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. कुठेही गेले नाही.

४ ऑगस्ट

दीप अमावास्या. दिवे घासून पाटावर मांडले. उद्यापासून श्रावण, म्हणून बाजारात जिवतीचे कागद आलेत: नरसिंह, कालियावर कृष्ण, लेकरं घेतलेली जरा-जिवंतिका, हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, जुना एकरंगी आणि नवा चकचकीत. काकूंनी जुनाच घेतला, "आईकडे हाच असायचा" म्हणून. शिबिरासाठी मी दोन्ही घेतले.

आराखडा आज पाठवला. पहिल्या दिवशी कार्ले आणि भाजे, ब्राह्मी नावं मोठ्याने वाचायची. दुसऱ्या दिवशी मळवली, दगड आणि शाई. पुण्याच्या एका जुन्या छपाईवाल्यांनी शिळाछाप करून दाखवायचं कबूल केलं आहे. तिसऱ्या दिवशी पवन मावळ. चौथ्या दिवशी लोणावळा: प्रत्येकाने पडद्यामागे काम करणाऱ्या एका माणसाला भेटायचं, मग तो सुतार असो, फ्लेक्स छापणारा असो, लग्नाचे व्हिडिओ जुळवणारी मुलगी असो, की भुशीच्या वाटेवर रील करणाऱ्या पोरांना मक्याचं कणीस विकणारी बाई.

विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, नावं घ्यायची म्हणता, पण सुतार तर नको म्हणाला. आणि त्या धबधब्यातल्या लोकांची नावं-तोंडं तर जगभर झाली. मग नियम काय ठेवायचा?"

प्रश्न बरोबर होता आणि तिने तो विचारला याचा मला फार आनंद झाला. आम्ही तासभर बोललो. ठरलं ते असं: रेकॉर्डर सुरू करण्याआधी विचारायचं, नाव लिहू का. हो म्हटलं तर कोणतं नाव, कोणतं गाव, हे त्यांनीच सांगायचं, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. नको म्हटलं तर त्या जागी कामाचं नाव लिहायचं, 'एक कामगार' असं नाही, तर 'दारं बसवणारा सुतार, लोणावळा, २०२४'. फोटो काढायचा तर काढल्यावर त्यांच्याच हातात फोन द्यायचा आणि पुसायचा की ठेवायचा ते त्यांना ठरवू द्यायचं. शिबिर संपलं की प्रत्येकाने आपल्या माणसाकडे परत जायचं, लिहिलेला मजकूर घेऊन.

ती म्हणाली, परत जाण्यासाठी आणखी एक दिवस लागेल, खर्चाला मंजुरी मिळणार नाही. मी म्हटलं, पाचवा दिवस आराखड्यात घाल, खर्चाचं पत्र मी लिहिते. पत्र लिहून झालं आहे, सकाळी टपालात टाकते.